पाळी थांबायच्या आधीच पिशवी काढली, तर बाईच्या शरीरात पुढे काय होतं?

दिवाळीच्या आगेमागे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरू लागतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, भुईंजचा किसन वीर... कारखान्यांच्या आसपासच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि पुढचे चार-पाच महिने तेच घर असतं. यातली बरीच माणसं बीडकडून येतात, काही मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून, तर काही जतसारख्या इथल्याच दुष्काळी तालुक्यांतून.

नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात एक 'कोयता' म्हणतात. उचल जोडीच्या नावावर, हिशोब जोडीचा, त्यामुळे एकाने सुट्टी घेतली की काम दोघांचं बुडतं. त्याला खाडा म्हणतात आणि तो मजुरीतून कापला जातो. दिवसाला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त खाडा कापला जातो, असं या बायकांनी पत्रकारांना आणि चौकशीला आलेल्या लोकांना वेळोवेळी सांगितलं आहे.

२०१९ मध्ये याच कोयत्यातल्या बाईबद्दलचे दोन आकडे समोर आले. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. हा आकडा जिल्ह्यातल्या सगळ्याच महिलांचा होता. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक.

तुलनेसाठी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत वेगळी आहे, त्यामुळे काटेकोर तुलना करता येणार नाही. पण फरक इतका मोठा आहे, की पद्धतीतल्या फरकाने तो पुसला जात नाही.

बातमी बीडची म्हणून देशभर गाजली. 'बिनगर्भाशयाच्या बायकांचं गाव' अशा छापाचे मथळे आले आणि दोन-तीन महिन्यांत विषय मागे पडला. त्यात एक गोष्ट जवळपास कुणीच समजावून सांगितली नाही. तिशीत पिशवी काढलेल्या बाईच्या शरीरात पुढच्या वीस वर्षांत काय होतं? आणि चाळिशीतल्या ज्या तक्रारींसाठी पिशवी काढली जाते, त्यातल्या किती तक्रारींना खरंच ऑपरेशन लागतं?

हा प्रश्न फक्त फडातल्या बाईचा नाही. इस्लामपूर, कराड, विटा, फलटण इथल्या घरात राहणाऱ्या, शेती असलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईलाही हे समजणं तितकंच गरजेचं आहे.

पाळी 'जाते' म्हणजे नेमकं काय?

आधी साधी गोष्ट. बाईच्या पोटात गर्भाशय, म्हणजे पिशवी, एक असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात. दर महिन्याला अस्तर तयार करणं आणि गर्भ राहिला नाही तर ते बाहेर टाकणं हे पिशवीचं काम. ते कधी करायचं याचा हुकूम अंडाशयांकडून येतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं तिथेच तयार होतात.

इस्ट्रोजेन फक्त पाळीपुरतं नसतं. हाडं, रक्तवाहिन्या, झोप, त्वचा, लघवीचा मार्ग, योनीचा ओलावा, मनःस्थिती, या सगळ्यांशी त्याचा संबंध असतो.

वयानुसार अंडाशयातली बीजं संपत येतात आणि इस्ट्रोजेन कमी होत जातं. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. म्हणजे ती तारीख नेहमी मागे वळूनच कळते. भारतीय महिलांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. ४५ च्या आत झालं तर लवकर, ४० च्या आत झालं तर फारच लवकर, आणि त्याची तपासणी व्हायला हवी.

खरी गडबड असते ती याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत. अंडाशयं एकदम बंद पडत नाहीत, अडखळत बंद पडतात. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडतं, एखाद्या महिन्यात नाही. बीज पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर जाड होत राहतं आणि मग कधीतरी एकदम खूप जातं. कधी पाळी वीस दिवसांत येते, कधी अडीच महिने येत नाही. कधी दहा-दहा दिवस थांबत नाही, गाठी पडतात, चक्कर येते.

'अंगावरून जातंय' म्हणून बाई दवाखान्यात जाते ती बहुतेकदा याच टप्प्यावर. आणि 'पिशवी काढून टाका' हे वाक्यही तिला इथेच ऐकू येतं.

'पिशवी खराब झालीय'

सोनोग्राफीत पिशवी थोडी मोठी दिसली, एखादी छोटी गाठ दिसली, पिशवीच्या तोंडाला लाली दिसली, की 'पिशवीला सूज आहे', 'खराब झालीय', 'पुढे कॅन्सर होईल' असं सांगितलं जातं. बीडच्या बायकांनी पुन्हा पुन्हा हेच सांगितलं. कॅन्सर हा शब्द एकदा कानावर पडला की दुसरा डॉक्टर गाठायची हिंमत कोण करणार? त्यात मुलं झालेली असतात, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन पंचविशीच्या आतबाहेर उरकलेलं असतं. मग 'आता तिचा उपयोग काय' हा प्रश्न घरातलेही विचारतात आणि बाई स्वतःही विचारते.

वैद्यकीय उत्तर असं आहे. पाळीच्या जास्त रक्तस्रावाची कारणं अनेक असतात. अस्तरात वाढलेला मांसाचा छोटा कोंब, फायब्रॉइडच्या गाठी, अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं, थायरॉईड, बीज न पडल्यामुळे झालेला संप्रेरकांचा गोंधळ, तांबी बसवलेली असणं, आणि क्वचित कॅन्सर किंवा त्याची पूर्वअवस्था. यातल्या बहुतेक गोष्टींवर ऑपरेशनशिवाय उपाय आहेत.

पांढरं जाणं हे तर बहुतेक वेळा संसर्गाचं लक्षण असतं आणि त्यावर गोळ्यांचा कोर्स असतो. त्यासाठी पिशवी काढणं म्हणजे नळ गळतोय म्हणून टाकी फोडण्यासारखं आहे. तरीही पांढरं जातं म्हणून पिशवी काढली, असं सांगणाऱ्या बायका कमी नाहीत.

फायब्रॉइड हा शब्दही घाबरवतो. या गाठी चाळिशीत खूप सामान्य आहेत आणि जवळपास सगळ्या निरुपद्रवी असतात. त्या इस्ट्रोजेनवर वाढतात, म्हणून पाळी गेल्यावर साधारण आकसतात. ४७ वर्षांच्या बाईला लहान गाठ असेल आणि रक्तस्राव औषधाने आटोक्यात येत असेल, तर वाट पाहणं हाही एक उपचार असतो.

ऑपरेशनच्या आधी काय काय करता येतं?

पहिली पायरी रक्तातलं हिमोग्लोबिन. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं होतं. आधीच रक्त कमी, त्यात दर महिन्याला जास्त जाणार, मग दम लागणं, पाय दुखणं, कामात मन न लागणं हे सगळं 'पिशवीमुळे' वाटतं. त्यातला बराच भाग लोहाच्या गोळ्यांनी, गरज पडली तर सलाईनमधून दिलेल्या लोहाने सुधारतो.

रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या असतात. काही जणींना प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या काही महिने दिल्या जातात.

सगळ्यात कमी माहिती असलेला उपाय म्हणजे संप्रेरक सोडणारी तांबी. दिसायला नेहमीच्या तांबीसारखी, पण काम उलटं. नेहमीच्या तांबीने रक्तस्राव थोडा वाढतो. ही तांबी पिशवीच्या आत अगदी थोडं संप्रेरक सोडत राहते, अस्तर पातळ ठेवते आणि रक्तस्राव खूपच कमी करते, अनेकींमध्ये ९० टक्क्यांपर्यंत. एकदा बसवली की किमान पाच वर्षं चालते. ४२-४३ व्या वर्षी बसवली, तर पाळी नैसर्गिकपणे जाईपर्यंतचा मोठा टप्पा त्यातच निघतो. बसवायला पोट उघडावं लागत नाही आणि नको वाटली तर काढता येते. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग लागतात, हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून ती काढून टाकते.

याशिवाय दुर्बिणीतून कोंब काढता येतो, फक्त गाठ काढता येते, अस्तर जाळता येतं.

मग पिशवी काढणं चुकीचंच का? नाही. कॅन्सर असेल, फार मोठ्या गाठी असतील, औषधं आणि तांबी करूनही रक्त थांबत नसेल, अंग बाहेर आलेलं असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर हे ऑपरेशन बाईचं आयुष्य सुधारतं, कधी वाचवतं. आक्षेप शेवटची पायरी पहिली होण्याला आहे.

पिशवी काढली आणि अंडाशयं काढली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बोलताना दोन्हीला 'पिशवी काढली' असंच म्हटलं जातं. शरीराच्या दृष्टीने ती दोन वेगळी ऑपरेशनं आहेत.

फक्त पिशवी काढली, अंडाशयं ठेवली, तर पाळी बंद होते पण इस्ट्रोजेन तयार होत राहतं. ही रजोनिवृत्ती नव्हे. मात्र अंडाशयांना जाणारा रक्तपुरवठा काही प्रमाणात कमी होत असावा, त्यामुळे ती लवकर थकतात. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिशवी काढलेल्या तरुण बायकांचा चार वर्षं पाठपुरावा केला होता. अंडाशयं ठेवलेली असूनही त्यांच्यात लवकर रजोनिवृत्तीचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत शरीराला सवय व्हायला वर्षं मिळतात, इथे एक दिवसही मिळत नाही. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने भिजून जाग येणं, चिडचिड, रडू येणं, संबंधाच्या वेळी दुखणं हे सगळं एकदम आणि जास्त तीव्रतेने येतं. दीर्घकाळाचं नुकसान दिसत नाही म्हणून जास्त वाईट. हाडं ठिसूळ होण्याची आणि हृदयविकाराची जोखीम वाढते. ३२ व्या वर्षी अंडाशयं काढलेल्या बाईचं शरीर ४७ व्या वर्षापर्यंत पंधरा वर्षं इस्ट्रोजेनशिवाय राहिलेलं असतं.

अशा बाईला, तिला न चालण्यासारखा आजार नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकांची औषधं द्यावीत असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही चैन नाही, काढून घेतलेल्या गोष्टीची भरपाई आहे. पण ऑपरेशननंतर पाच दिवसांनी टाके बघून घरी पाठवलेल्या आणि पुढच्या हंगामाला ट्रॉलीत बसून शेकडो किलोमीटरवर निघालेल्या बाईला हे कोण सांगणार?

आपलं नेमकं काय काढलं हे अनेकींना ठाऊकच नसतं. ते कागदावर असतं. डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशनच्या नोंदीत 'टीएएच' किंवा 'व्हीएच' ही इंग्रजी अक्षरं असतील तर पिशवी काढली आहे. त्यापुढे 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही काढल्या आहेत. घरातल्या शिकलेल्या मुलाने-मुलीने ती फाईल एकदा उघडून बघावी. काढलेल्या भागाचा लॅबचा रिपोर्टही मागून घ्यावा. काढलेली पिशवी तपासणीला पाठवणं अपेक्षित असतं आणि ती खरंच 'खराब' होती का, याचं उत्तर तिथेच मिळतं.

फडातला हिशोब

२०१९ च्या बातम्यांमध्ये खलनायक एकच होता, मुकादम. पाळी आली की बाई कामावर येत नाही, म्हणून मुकादम पिशव्या काढायला लावतो, अशी ती गोष्ट. ती पूर्ण खोटी नाही, पण अर्धीच आहे.

फडात पहाटेपासून काम सुरू होतं. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. संडास नाही, कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी लांबून आणायचं. लघवीला जावं लागू नये म्हणून बाई पाणी कमी पिते, त्यातून लघवीचा संसर्ग. पाळीचा कपडा नीट वाळत नाही, त्यातून खाज. मग अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं. इथल्या सरकारी दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो आणि खाडा पडतो, म्हणून दुखणं गावी परत जाईपर्यंत अंगावर काढलं जातं.

मार्च-एप्रिलमध्ये गावी गेल्यावर खासगी दवाखाना. तिथे महिनोन्‌महिने औषध घेऊन पुन्हा दाखवायला येईल अशी ही पेशंट नाही, हे डॉक्टरला माहीत असतं. एकदाच ऑपरेशन केलं की त्याचंही काम होतं, बिलही होतं. बाईला वाटतं, कटकट गेली. नवऱ्याला वाटतं, खाडा गेला. पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीतून येतात, म्हणजे ऑपरेशनचं कर्ज फेडायला पुन्हा त्याच फडात. कुणी बळजबरी केलीच पाहिजे असं नाही, सगळ्यांचे हिशोब आपसूक एकाच टेबलावर येऊन थांबतात.

पोट उघडून पिशवी काढल्यावर किमान सहा आठवडे जड उचलायचं नसतं. हंगाम तोंडावर असताना ऑपरेशन केलेल्या बाईच्या डोक्यावर तेवढ्या दिवसांत मोळी आलेली असते. मग कंबर जाते. 'पिशवी काढल्यापासून कंबर धरली' ही तक्रार सर्रास ऐकू येते. त्यात ऑपरेशन किती, अंडाशयं गेल्यामुळे कमी झालेली हाडांची ताकद किती आणि ओझं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

आणि इथे सातारा-सांगलीचा संबंध येतो. ऑपरेशन बीडला झालं असेल, पण ते ज्या दुखण्यासाठी झालं ते दुखणं इथल्या फडात वाढलं. कारखाना कार्यक्षेत्रातल्या आरोग्य उपकेंद्राने तळावर येऊन हंगामात दोनदा जरी तपासणी केली, तळावर पाणी आणि संडास असला, पाळीच्या दोन दिवसांना खाडा लावला नाही, तर त्यातली कितीतरी ऑपरेशनं टळतील. साखरेचा उतारा दर दिवशी मोजणाऱ्या यंत्रणेला हे जमणार नाही असं नाही.

उलटी चूक: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर

इथवर वाचून कुणी 'काहीही झालं तरी डॉक्टरकडे जायचं नाही' असा निष्कर्ष काढू नये. कारण याच्या अगदी उलट चूकही तितकीच होते.

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि नंतर कधीतरी रक्त दिसलं, अगदी एक डाग का असेना, तर ती पाळी 'परत आली' असं नसतं. अशा बायकांपैकी साधारण ९ टक्के जणींमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं प्रमाण सांगतं. म्हणजे दहातल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो, पण प्रत्येकीची तपासणी व्हायलाच हवी. तपासणी म्हणजे सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजणं आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणं. हा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते, आणि रक्त दिसणं ही त्याने दिलेली लवकरची सूचना असते. पन्नाशी उलटलेली बाई मात्र 'उष्णता झाली असेल' म्हणून सब्जा पिऊन गप्प बसते. या वयात हा विषय सुनेसमोर, मुलासमोर काढायचा कसा, हीच मोठी अडचण.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि त्याची पूर्वअवस्था दहा-पंधरा वर्षं आधी पकडता येते. याचा जगातला एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातूनच आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते. ज्या बायकांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितलं जातं, त्यांच्यातल्या बहुतेकींची ही एक तपासणी झालेली नसते.

सरकारी यंत्रणेत ३० वर्षांवरच्या महिलांसाठी ही तपासणी मोफत आहे. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण, लावून पांढरा डाग येतो का बघतात. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. कुठे होते हे गावच्या आशाताईंना विचारावं.

वाफा, झोप आणि हाडं

ज्यांची पाळी आपल्या वेळेने जाते, त्यांचं काय? त्यांनाही त्रास होतो, फक्त त्याला कुणी नाव देत नाही. अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन चेहरा-मान तापणं, छाती धडधडणं, मग घाम. हे दोन-चार मिनिटं टिकतं. अमेरिकेतल्या एका दीर्घकालीन अभ्यासात हा त्रास थोडाथोडका नव्हे, तर मधल्या मापाने सात वर्षांहून जास्त चाललेला दिसला. सगळ्यांनाच इतका होतो असं नाही. काहींना जाणवतही नाही.

हाडांचं मात्र सगळ्यांचंच होतं. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता झपाट्याने कमी होते, काहींमध्ये २० टक्क्यांपर्यंत. या वयात कॅल्शियम दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम लागतं. यासाठी महागडी पावडर लागत नाही. जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ, दूध, ताक, पालेभाज्या आहेतच. ऊन आणि ओझं वाहणारं चालणं हाडांना चांगलं, त्या हिशोबाने फडातल्या बाईची हाडं मजबूत हवीत. पण भाकरी आणि चटणीवर दिवस काढला तर उन्हाचा एकट्याचा किती उपयोग होणार?

लघवी थेंब थेंब होणं, वारंवार जळजळ, योनीत कोरडेपणा आणि संबंधाच्या वेळी दुखणं, यावर जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. ते रक्तात फारच कमी उतरतं. या तक्रारीबद्दल बायका नवऱ्याशीही बोलत नाहीत, आणि नवऱ्याला वाटतं ही टाळतेय.

संप्रेरकांच्या गोळ्यांची भीती २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासापासून पसरली. त्यात स्तनांच्या कॅन्सरची जोखीम वाढलेली दिसली होती: दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ जास्त. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत आणि वय साठच्या आत आहे, अशा निरोगी बाईला तीव्र त्रास असेल तर फायदा जोखमीपेक्षा बहुधा जास्त, असं आता मानलं जातं. स्तनांचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू असलेली बाई यात बसत नाही. मेडिकलमधून परस्पर आणून घेण्याची ही औषधं नाहीत.

नियम काय सांगतात?

२०१९ नंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही, असा नियम झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर निकाल देताना, सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत त्या लागू कराव्यात असं सांगितलं. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानबद्दल होती, पण आदेश महाराष्ट्रालाही लागू आहे. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असाव्यात आणि खासगी रुग्णालयांनीही अशा ऑपरेशनची माहिती द्यावी, हा त्यातला गाभा.

परवानगीचा नियम एका जिल्ह्यापुरता असला की पेशंट शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकते, ही त्यातली उघड फट आहे. दुसरी अडचण मोजदादीची. कुटुंब आरोग्य पाहणी महिलांना ४९ वर्षांपर्यंतच मोजते. बाई पन्नाशीची झाली की तिची पाळी, तिचं रक्त, तिची पिशवी, यांची नोंद त्या वहीतून निघून जाते. राज्यात सप्टेंबर २०२२ मध्ये 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान सुरू झालं, त्यात १८ वर्षांवरच्या सगळ्या महिलांची तपासणी होती. चांगली गोष्ट. नाव मात्र तेव्हाही 'माता' हेच.

डॉक्टरने पिशवी काढायला सांगितली तर काय विचारायचं?

कारण काय, ते नावानिशी कागदावर लिहून मागावं. 'सूज' हे कारण नव्हे. अस्तराची आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? औषधं किंवा तांबी करून बघता येईल का, नसेल तर का नाही? अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर नंतर संप्रेरकं देणार का? रक्त धो-धो जात नसेल तर हे ऑपरेशन आजच्या आज करावं लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला आठवडा मिळतोच.

त्यासाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा लिहिलेला कागद न्यावा. गेल्या सहा महिन्यांत पाळी कधी आली, किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड किंवा कपडे बदलावे लागले आणि गाठी पडल्या का, एवढं कॅलेंडरवर खुणा करून ठेवलं तरी डॉक्टरचं निम्मं काम होतं.